गाडी तीच, रुबाब वेगळा

जर्मनीत मर्सिडीज म्हणजे टॅक्सी. एअरपोर्टच्या बाहेर आलात की एकामागे एक उभ्या दिसतात, फिकट हस्तिदंती रंगाच्या, नाकावर तो तीन टोकांचा तारा, आणि ड्रायव्हर तुमची बॅग उचलून डिकीत अशी टाकतो की आत काचेचं काही असेल ही शंकासुद्धा त्याला येत नाही. मागची सीट पुसायला सोपी, पुढच्या सीटच्या पाठीला कोणाच्यातरी बुटांचे डाग, रबरी मॅटवर वाळू, मीटर चालू. त्या रंगाचाही नियम आहे बरं का, १९७१ पासून टॅक्सी याच रंगाची हवी असं सरकारने ठरवून टाकलं (आता बऱ्याच राज्यांनी तो नियम सैल केलाय), त्यामुळे या रंगाची मर्सिडीज दिसली की तिथल्या माणसाचा हात थांबवायला वर जातो, कुणी बडी असामी आली असं त्याच्या डोक्यातही येत नाही.

आणि ज्या देशांत हीच गाडी बाहेरून येते तिथे तिच्याभोवती केवढं नाटक असतं. हॉटेलचा माणूस धावत येऊन दार उघडतो, पार्किंगवाला जागा नसतानाही जागा काढतो, ट्रॅफिक पोलीस शिट्टी तोंडात धरून क्षणभर विचार करतो. मला या गोष्टीचा नाद लागलाय म्हणा ना, कुठल्याही देशाबद्दल वाचताना किंवा तिथे गेल्यावर मी आधी बघतो की इथे बाहेरची गाडी म्हणजे नक्की काय समजतात. गाड्यांमधलं मला फार कळत नाही, टॉर्क वगैरे कोणी बोलायला लागलं की मी मान डोलवतो. पण गाडीकडे बघणाऱ्या माणसांकडे बघायला मजा येते.

मर्सिडीजचंच घ्या. १९७६ ते १९८६ मध्ये त्यांचं एक मॉडेल निघायचं, कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२३. जवळपास २७ लाख बनल्या. यातली डिझेलवाली इतकी चिवट होती की जर्मन टॅक्सीवाल्यांनी मनसोक्त पळवून झाल्यावर ती दक्षिणेकडे विकली जायची आणि तिथे तिचा दुसरा जन्म सुरू व्हायचा. मोरोक्कोत ती 'ग्रँड टॅक्सी' झाली, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी शेअर टॅक्सी, ड्रायव्हरशेजारी दोन आणि मागे चार असे सहा लोक कोंबून भरले की गाडी निघाली, एक सीट कमी असेल तर निघत नाही. तिच्यात बसणं म्हणजे श्रीमंती नव्हे, तिच्यात बसणं म्हणजे आपली स्वतःची गाडी नाही हे कबूल करणं. २०१४ पासून तिथल्या सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढायला अनुदान दिलं आणि त्यांच्या जागी रोमानियन ब्रँडच्या डासिया लॉजी आल्या.

आता त्याच आफ्रिकेच्या पूर्व टोकाला जा. केनिया, टांझानिया भागात स्वातंत्र्यानंतर जो नवा सत्ताधारी वर्ग आला, मंत्री, बडे अधिकारी, त्यांचे मेहुणे, त्या सगळ्यांना लोकांनी 'वाबेंझी' म्हणायला सुरुवात केली. स्वाहिलीत जमातींच्या नावाआधी जो 'वा' लागतो तो लावून, म्हणजे ही एक नवीनच जमात, बेंझवाल्यांची. एकाच कंपनीची गाडी खंडाच्या एका कोपऱ्यात सहा जणांची मांडी मोडत होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात तिच्यावरून एका अख्ख्या वर्गाला शिवी पडली.

यातून मला हळूहळू जे वाटायला लागलं ते असं, की लोक गाडीची किंमत बघतच नाहीत. म्हणजे बघतात, पण किंमत ही वरवरची गोष्ट. खरं ते वाचतात ते हे की ही गाडी इथपर्यंत पोचली कशी, वाटेत कुठलं फाटक होतं आणि ते फाटक ह्याच्याचसाठी का उघडलं. फाटक कधी ड्युटीचं असतं, कधी परवान्याचं, कधी पक्षाच्या मेंबरशिपचं, कधी नुसतंच समुद्रापलीकडचं. फाटक जिथे नाही तिथे मर्सिडीज नुसती चार चाकं. आणि एकदा हे दिसायला लागलं की मग सगळीकडे दिसतं.

व्होल्वोची गोष्ट मला सगळ्यात आवडते. स्वीडनमध्ये व्होल्वो म्हणजे लांबोडकी, चौकोनी डबा, मागे कुत्रा, दोन पोरं, स्कीज, शनिवारी फर्निचर आणायला उपयोगी. १९५९ मध्ये त्यांच्या निल्स बोलिन या इंजिनियरने तीन बिंदूंचा सीटबेल्ट आणला आणि कंपनीने पेटंट सगळ्यांना वापरू दिलं, त्या प्रकारची ती गाडी, शिस्तीची, शहाण्या मुलासारखी.

हीच गाडी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिथे ती एकदम प्रोफेसर झाली. कॉलेजच्या गावांत, भरपूर शिकलेल्या पण पैशाचा भपका न आवडणाऱ्या (किंवा तसं दाखवायला आवडणाऱ्या) लोकांची गाडी. कॅडिलॅक घेणारा म्हणतो माझ्याकडे पैसा आहे, व्होल्वो घेणारा म्हणतो माझ्याकडे अक्कल आहे, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याचा तोरा पहिल्यापेक्षा जास्त असतो. हे इतकं पक्कं झालं की २००४ च्या निवडणुकीआधी आयोवात एका उमेदवाराच्या विरोधात टीव्हीवर जाहिरात लागली, तिच्यात त्याच्या समर्थकांना ज्या शिव्या घातल्या होत्या त्यात लाटे पिणारे, सुशी खाणारे आणि व्होल्वो चालवणारे असा उल्लेख होता. गाडीचं नाव शिवी म्हणून वापरायचं आणि ऐकणाऱ्याला ते समजावून सांगावंही लागत नाही, यापेक्षा अजून काय पुरावा हवा.

आता पूर्व जर्मनी. तिथे साध्या माणसाला ट्राबांट नावाची छोटी देशी गाडी मिळायची आणि तीसुद्धा नाव नोंदवून दहा-दहा वर्षं थांबल्यावर. बर्लिनच्या उत्तरेला वांडलिट्झजवळ सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांची कुंपणातली वसाहत होती आणि हे लोक फिरायचे कशात, तर व्होल्वोत. त्यांच्यासाठी २६४ टीई नावाची लांब केलेली लिमोझिन होती, इटलीतल्या बेर्तोनेकडून बॉडी लांबवून घेतलेली. लोकांनी त्या वसाहतीचं नाव व्होल्वोग्राड ठेवलं. स्वीडिश गाडीच का, तर पश्चिम जर्मनीची मर्सिडीज वापरली तर शत्रूची गाडी, रशियाची वापरली तर गुलामी दिसते, स्वीडन कसं तटस्थ, बरं. (ही माझी समजूत, पण मला ती पटते.) म्हणजे स्वीडनमधल्या शाळामास्तराची गाडी इथे पॉलिटब्युरोची झाली, फक्त मधलं फाटक एवढं उंच होतं म्हणून.

आणि कळस म्हणजे उत्तर कोरिया. १९७४ च्या सुमारास त्यांनी स्वीडनकडून हजार व्होल्वो १४४ मागवल्या, स्वीडनने बोटीत भरून पाठवल्यासुद्धा, आणि पैसे आजतागायत आलेले नाहीत. स्वीडनची सरकारी निर्यात-हमी संस्था अजूनही वर्षातून दोनदा आठवणीचं पत्र पाठवते म्हणे, व्याज धरून रक्कम फुगत चाललीये. उधारी एवढ्या सभ्यपणे मागणारा सावकार दुसरा बघितला नाही. तर त्या गाड्या प्याँगयांगमध्ये टॅक्सी म्हणून दिसत, परदेशी पाहुण्यांना फिरवायला. शेवटी २०१० मध्ये व्होल्वो कार कंपनीच चिनी गीलीने विकत घेतली, तेव्हा आता 'स्वीडिश' म्हणायचं का तो वेगळाच प्रश्न.

सुबारूचंही असंच, पण थोडक्यात सांगतो. अमेरिकेत सुबारू म्हणजे बर्फाळ डोंगराळ राज्यं, चारही चाकांना ताकद, नर्सा, शिक्षक, गिर्यारोहक, आणि १९९० च्या दशकात कंपनीने मुद्दाम लेस्बियन ग्राहकांना समोर ठेवून जाहिराती केल्या तेव्हापासून ती ओळखही चिकटली. इस्रायलमध्ये मात्र १९७०-८० च्या काळात सुबारू म्हणजे आम जनतेची गाडी, कारण अरब देशांच्या बहिष्काराला घाबरून टोयोटासारख्या कंपन्या तिथे विकायलाच तयार नव्हत्या, सुबारू छोटी होती, अरब बाजारात तिचं फारसं अडकलेलं नव्हतं, ती आली. त्यात चवीचा, आवडीचा काही संबंध नाही, फाटकातून जी आत आली ती लोकांची झाली.

मग कोणी म्हणेल, ठीक आहे, ड्युटी काढून टाका, फाटक पाडा, की संपला प्रश्न. तर नाही. जपान बघा. जपानने गाड्यांवरची आयात ड्युटी १९७८ मध्येच शून्य केली. तरीसुद्धा तिथे परदेशी गाड्या दहातली एकही धड भरत नाही आणि जी असते ती मिरवायलाच असते. १९८० च्या दशकाच्या शेवटी जमिनीचे आणि शेअरचे भाव आकाशाला भिडले होते, त्या बबलच्या दिवसांत टोकियोच्या रोप्पोंगी भागात रात्री बीएमडब्ल्यू ३ सिरीज इतक्या झाल्या की लोक तिला 'रोप्पोंगीची कोरोला' म्हणायला लागले, आणि छोट्या मर्सिडीज १९० ला 'आकासाकाची सनी'. आकासाका हाही टोकियोतलाच भाग, कोरोला म्हणजे टोयोटाची साधी गाडी आणि सनी निस्सानची. म्हणजे टोमणा असा की, अहो तुमची ती परदेशी गाडी इथे आता दूधवाल्याकडे पण आहे.

पण जपानमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथे गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं. आणि तरी परदेशी गाडी घेणारे कित्येक लोक मुद्दाम डावीकडचं स्टिअरिंग असलेली घ्यायचे. का, तर ती दिसते. रस्त्यावर लांबूनच कळतं की ही 'खरी' बाहेरची आहे, इथल्या लोकांसाठी तडजोड करून बनवलेली नाही. आता याचा त्रास बघा. पार्किंगच्या दारात तिकिटाचं मशीन उजव्या हाताला, तुम्ही बसलात डावीकडे. मग बाजूला बायको असेल तर ती काढून देते, एकटे असाल तर सीटबेल्ट सोडायचा, गिअरच्या वरून आडवं व्हायचं, उजवी खिडकी खाली करायची, हात बाहेर काढायचा, तरी चार बोटं कमी पडतात, मागचा हॉर्न वाजवतोय, शेवटी उतरून, पूर्ण फेरा मारून तिकीट घ्यायचं. असल्या लोकांसाठी लांब दांड्याचे चिमटे मिळायचे, तिकीट पकडायला. मला तर वाटतं हा त्रास हाच त्यातला मुद्दा होता. गैरसोय परवडते म्हणून तर ती श्रीमंती. ज्याला रोज सकाळी आठला ऑफिस गाठायचंय तो हे धंदे करत नाही.

खरा जुना, मुरलेला पैसा किंवा सत्ता मात्र जपानमध्ये परदेशी गाडीत बसतच नाही. ती बसते टोयोटा सेंच्युरीमध्ये. १९६७ पासून निघते, नाकावर टोयोटाचं चिन्हही नाही, फिनिक्स पक्षी आहे, सीटला चामड्याऐवजी लोकरीचं कापड, खिडक्यांना जाळीचे पडदे. सम्राटांसाठी हीच, मोठ्या कंपन्यांच्या अध्यक्षांसाठी हीच. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल ही कुठली जुनाट गाडी. ज्याला कळायचं त्याला कळतं, बाकीच्यांना कळावं अशी इच्छाच नाही.

आता जपानच्या समुद्रापलीकडे व्लादिवोस्तोक. रशियात गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे हवं. पण त्या भागात रस्ते भरलेत जपानहून बोटीने आलेल्या सेकंडहँड गाड्यांनी आणि सगळ्यांची स्टिअरिंगं 'चुकीच्या' बाजूला. ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही, पण गाडी स्वस्त, टिकाऊ, सुरू होते, आणखी काय हवं. मॉस्कोतल्या माणसाच्या नजरेत तीच गाडी म्हणजे दूरच्या गावंढळाची खूण. २००८ च्या डिसेंबरमध्ये सरकारने आयात ड्युटी वाढवायचं जाहीर केलं तेव्हा व्लादिवोस्तोकचे लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांना पांगवायला दंगलविरोधी पोलीस थेट मॉस्कोहून विमानाने आणावे लागले. अर्ध्या जगाचं अंतर कापून. स्टिअरिंग चुकीच्या बाजूला असणं टोकियोत चैन आणि त्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर रोजीरोटी, एवढा फरक.

फाटक कधीकधी उलटंही लागतं, म्हणजे ज्याला अडवायला बांधलं त्याचंच भलं होतं. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने 'स्वखुशीने' मान्य केलं की वर्षाला १६ लाख ८० हजारांपेक्षा जास्त गाड्या अमेरिकेला पाठवणार नाही. त्या काळात गाड्यांच्या कारखान्यांच्या डेट्रॉईट शहराकडचे कामगार कॅमेऱ्यासमोर जपानी गाड्या घणाने फोडत होते, युनियनच्या पार्किंगमध्ये परदेशी गाडीला बंदी असायची, आणि १९८२ मध्ये त्याच शहराजवळ चिनी वंशाच्या एका तरुणाला गाडी उद्योगातल्या दोन माणसांनी बेसबॉलच्या बॅटने इतकं मारलं की तो गेला, जपान्यांमुळे नोकऱ्या गेल्या हा राग तेव्हा हवेतच होता. गाडी परदेशी आहे की नाही हा प्रश्न तिथे रुबाबाचा नव्हता, कोण कोणाच्या बाजूने आहे याचा होता.

पण हिशोब बघा. संख्येला मर्यादा घातलीत ना, मग जपानी कंपन्यांनी विचार केला की जेवढ्या पाठवता येतात तेवढ्या महागातल्या पाठवू, एका गाडीमागे जास्त कमवू. होंडाने १९८६ मध्ये अक्युरा काढली, टोयोटाने १९८९ मध्ये लेक्सस. स्वस्तात मस्त म्हणून हिणवलेला जपानी माल अमेरिकन डॉक्टर-वकिलांच्या दारात जाऊन उभा राहिला. आणि गंमत म्हणजे हीच पहिली लेक्सस जपानमध्ये टोयोटा सेल्सिओर या नावाने विकली जात होती. लेक्सस हा ब्रँड स्वतःच्या देशात आला तो २००५ मध्ये. घरचा मुलगा परदेशात नाव काढून मग घरी आला की शेजारी त्याला ओळखायला लागतात, तसं.

ब्युइकचं याहून मजेशीर. अमेरिकेत ब्युइक म्हटलं की आजोबा. टोपी घालून, हळू, इंडिकेटर चालू ठेवून जाणारे. चीनमध्ये ब्युइक म्हणजे प्रतिष्ठा, शेवटचा सम्राट पू यीकडे ब्युइक होती, ती आठवण कंपनीने छान वापरली आणि शांघायमध्ये १९९८ च्या शेवटी उत्पादन सुरू केलं. २००९ मध्ये ब्युइकची मालक कंपनी जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली तेव्हा तिने आपल्या ब्रँडपैकी पाँटियाक बंद केली, सॅटर्न बंद केली, ब्युइक ठेवली, आणि त्यामागे चीनमधली विक्री हे मोठं कारण होतं. अमेरिकन आजोबांची गाडी चिनी उद्योजकांनी वाचवली म्हणायची.

चीनवरून आणखी एक. कोणती गाडी, यापेक्षा गाडीत कुठे बसता, हे तिथे महत्त्वाचं. ऑडीने १९८८ पासून तिथे पाय रोवले, काळी ऑडी म्हणजे सरकारी साहेब अशी ओळख झाली, आणि साहेब मागे बसतात. म्हणून ए६ ची लांबी वाढवून चीनसाठी खास आवृत्ती काढली, मागे पाय पसरता यावेत इतकी. पुढे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज सगळ्यांनी तेच केलं. जर्मनीत ही गाडी घेणारा स्वतः चालवतो, हायवेवर वेगमर्यादा नसलेल्या पट्ट्यात दामटतो, त्याची सगळी मजा स्टिअरिंगच्या मागे. भारतातही लांब केलेली मर्सिडीज ई-क्लास खपते ती याच कारणाने. मालक मागे, ड्रायव्हर पुढे. अशा ठिकाणी श्रीमंताला इंजिनचं काय कळतं, त्याला एसीचा झोत आणि गुडघ्यापुढची जागा कळते.

भारताचा विषय निघालाच आहे तर अँबॅसिडर. ब्रिटनमधली मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका, तिकडे मध्यमवर्गीय कारकुनाची बऱ्यापैकी गाडी, १९५९ मध्ये तिकडे बंदही झाली. भारतात ती १९५८ च्या आसपास सुरू होऊन २०१४ पर्यंत निघत राहिली, आणि इतर गाड्यांना दार बंद होतं तेवढ्या सगळ्या काळात ती पांढरी होऊन, वर लाल दिवा लावून, मंत्र्यांची झाली. टॅक्सीही तीच आणि मंत्र्याची गाडीही तीच, मग ओळखायचं कसं, तर दिव्यावरून. २०१७ च्या मे महिन्यात लाल दिवेही गेले. त्यानंतर रुबाब कमी झाला असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

नायजेरियात एक गोष्ट अशी आहे जी ऐकून मी थांबलोच. तिथे सेकंडहँड गाड्यांचे दोन वर्ग आहेत. एक परदेशात वापरून आलेल्या, त्यांना 'तोकुंबो' म्हणतात, आणि दुसऱ्या तिथेच वापरलेल्या. आणि तोकुंबोला भाव जास्त. म्हणजे दुसऱ्याने वापरलेलीच, पण परक्या रस्त्यांवर, परक्या मेकॅनिककडे वापरलेली बरी. त्यात शहाणपणही आहे, रस्ते चांगले, तेल वेळेवर बदललेलं, पण नुसतं शहाणपण नाही. विकणारा जाहिरातीत तो शब्द मोठा लिहितो, आणि आणल्यावर तीच गाडी दोन वर्षं लागोसमध्ये चालवली की पुढच्या वेळी ती खालच्या वर्गात. जन्माने नाही, वास्तव्याने जात बदलते.

आणि केनियाने वाबेंझींवर उपाय काढला होता तोही सांगतो. २००९ मध्ये अर्थमंत्र्यांनी फर्मान काढलं की मंत्र्यांनी मोठ्या गाड्या परत करायच्या, १८०० सीसीच्या वर इंजिन नको, आणि सरकारने फोक्सवॅगन पसाट आणल्या. युरोपात पसाट म्हणजे सेल्समनची गाडी, कंपनीने दिलेली, मागे सॅम्पलचे खोके. मंत्र्यांना ती लागली जिव्हारी. साहजिक आहे. गाडी आरामदायी आहे का नाही हा प्रश्नच नव्हता.

फाटक फार उंच केलं की काय होतं ते सिंगापूरमध्ये दिसतं. १९९० पासून तिथे गाडी घ्यायच्या आधी गाडी घ्यायचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो, तो दहा वर्षं टिकतो, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या गाडीसाठी नुसत्या त्या कागदाचा भाव दीड लाख सिंगापूर डॉलरवर गेला. गाडी अजून शोरूममध्येच आहे. त्यामुळे तिथे साधी कोरोलासुद्धा साधी राहत नाही, गाडी असणं हीच खूण, कोणती हे नंतर. आणि फाटक अगदीच बुटकं असलं तर? संयुक्त अरब अमिरातीत ड्युटी ५ टक्के, ज्याच्याकडे पैसे त्याच्याकडे लँबोर्गिनी, अगदी दुबई पोलिसांकडेही. मग वेगळं दिसायचं कसं? नंबर प्लेटने. २०२३ च्या एप्रिलमध्ये दुबईत 'पी ७' ही प्लेट साडेपाच कोटी दिरहमला गेली, पैसे दानधर्माला गेले हे खरं, पण पत्र्याचा तुकडा तो. जेवढा आकडा लहान तेवढा माणूस मोठा. इंजिनियरिंग वगैरे गेलं खड्ड्यात.

नॉर्वेने तर सरळ उलट दिशेने ढकललं. पेट्रोल गाडीवर कर जबर, इलेक्ट्रिकला सूट, परिणाम असा की २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांतल्या जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या आणि टेस्ला ही तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची गाडी आहे, जी इतर कित्येक देशांत अजून मान वळवून बघतात.

क्युबात १९५९ नंतर अमेरिकन गाड्या यायच्या थांबल्या, हे सगळ्यांना माहीत आहे, ते रंगीबेरंगी फोटो पाहून पाहून कंटाळा आलाय. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की २०११ पर्यंत मोकळेपणी खरेदी-विक्री करता यायची ती फक्त क्रांतीच्या आधीच्या गाड्यांची. नंतर सोव्हिएत रशियातून आलेली लाडा सरकारने मर्जीने दिलेली, ती तशी विकता यायची नाही. म्हणजे साठ वर्षं जुनी, बोटीचं इंजिन बसवलेली शेव्हरोले ही खरी मालमत्ता आणि तिच्यापेक्षा नवी लाडा ही बक्षिसी. प्लेटचे रंगही वेगळे असायचे, खाजगी पिवळी, सरकारी निळी, लांबूनच कळायचं कोण कोणाचा. मग २०१४ मध्ये सरकारने नव्या गाड्या लोकांना विकायला काढल्या, लोक हौसेने शोरूमच्या काचेला नाक लावून बघायला गेले, तर प्यूजो ५०८ ची किंमत लिहिली होती २ लाख ६२ हजार डॉलर. महिन्याचा सरकारी पगार वीसेक डॉलर. फाटक उघडलं म्हणे.

आणि हे सगळं लिहिताना मी मघापासून 'परदेशी' 'परदेशी' म्हणतोय, पण ते तरी आता कुठे राहिलंय. बीएमडब्ल्यू एक्स५ अमेरिकेत साऊथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला बनते आणि तिथून जगभर जाते, जर्मनीत जी दिसते ती तांत्रिकदृष्ट्या अमेरिकन आयात. टोयोटा कॅमरी केंटकीत बनते. जॅग्वार आणि लँड रोव्हर २००८ पासून टाटांच्या. तरी बिल्ल्याची जादू चालूच आहे. एक जर्मन मात्र इथेही वेगळे, तिथे नवी गाडी घेताना मागच्या पाठीवरचा मॉडेलचा आकडा नको असं सांगता येतं आणि पुष्कळ लोक तसं सांगतात. शेजाऱ्याला कळायला नको छोटं इंजिन आहे, किंवा कळायला नको मोठं आहे, दोन्ही कारणं ऐकलीयेत, आणि दोन्ही लोक स्वतःला साधे समजतात. त्यात बऱ्याच नव्या गाड्या मुळात कंपनीने दिलेल्या, यादीतल्या किमतीच्या एक टक्का दरमहा उत्पन्नात धरून कर भरायचा की झालं, त्यामुळे समोरच्या ऑडीत बसलेला श्रीमंत आहे की नुसता नोकरीला आहे हे तिथे कळत नाही.

आता नवं फाटक बांधलं जातंय ते चिनी इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. अमेरिकेने २०२४ मध्ये त्यांच्यावर १०० टक्के ड्युटी लावली, युरोपनेही त्याच वर्षी जादा कर बसवला, आणि तिकडे इथिओपियाने त्याच वर्षी पेट्रोल-डिझेल गाड्या आणायलाच बंदी केली, म्हणजे तिथे आता नवी गाडी घ्यायची तर इलेक्ट्रिकच. एका देशात जी घ्यावीच लागते ती दुसऱ्या देशात मिळतच नाही.

अमेरिकेत एक कायदा आहे, गाडी २५ वर्षांहून जुनी झाली की तिला सुरक्षेचे नेहमीचे नियम लागत नाहीत आणि ती बाहेरून आणता येते. याच वाटेने १९८९ ची निस्सान स्कायलाईन जीटी-आर २०१४ मध्ये तिकडे गेली आणि पोरं वेडी झाली. याच वाटेने जपानी शेतकऱ्याचा छोटासा केई ट्रक जातो, ज्यात जपानमध्ये कोबी आणि खताच्या पिशव्या असतात, तो अमेरिकेत हौशी माणसाच्या गॅरेजमध्ये पॉलिश मारून उभा असतो, आणि काही राज्यं तर तो रजिस्टर करून घ्यायलाही तयार नाहीत, म्हणून त्याला आणखीच भाव. तर बीवायडी या चिनी कंपनीची ती सीगल नावाची पिटुकली गाडी, चीनमध्ये २०२३ ला आली, तिथे सगळ्यात स्वस्त गाड्यांपैकी एक, पहिली नोकरी लागलेल्या पोरांची. त्या हिशोबाने ती २०४८ मध्ये अमेरिकेत आणता येईल. कुणीतरी आणेलच. बंदरात जाऊन कागदपत्रं करेल, ट्रेलरवर घालून घरी आणेल, आणि रविवारी सकाळी शेजाऱ्याला हाक मारून सांगेल, ये, बघ, हात लाव, ओरिजिनल आहे.